औषधांच्या बिलात दूध आणि भाजी : माउंड बायूच्या आरोग्य केंद्राचं प्रकरण

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात माउंड बायू या गावच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहायला सुरुवात केली. घरात खाणारी तोंडं किती ते पाहून प्रमाण ठरायचं. चिठ्ठी घेऊन आई जवळच्या वाणसामानाच्या दुकानात जायची, दुकानदार माल द्यायचा आणि बिल आरोग्य केंद्राकडे पाठवायचा. केंद्र ते बिल औषधांसाठी मिळालेल्या पैशातून चुकतं करायचं.

सामाजिक आरोग्याच्या वर्गात ही गोष्ट बहुतेक वेळा एवढीच सांगितली जाते. ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि तास पुढे सरकतो. पण दवाखान्यात आलेल्या गरीब कुटुंबाला रेशन, पेन्शन, अनुदान यांच्यापर्यंत पोचवायची ज्यांची रोजची धडपड आहे, त्यांनी हे प्रकरण मुळापासून वाचायला हवं असं मला वाटतं. ती चिठ्ठी चालली ती कुणा एका डॉक्टरच्या चांगुलपणावर नव्हे. तिच्यामागे पैसा कुठून आला, तो कुणाला अडवता आला नाही आणि काय मागायचं हे कुणी ठरवलं, यात खरं शिकण्यासारखं आहे.

भूक कुठून आली

मिसिसिपी डेल्टा म्हणजे मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला सपाट, काळ्या सुपीक मातीचा पट्टा. जगातल्या चांगल्या कापूस-जमिनींपैकी एक. गुलामगिरी गेल्यावर तिथली काळी कुटुंबं गोऱ्या मळेवाल्यांची जमीन बटाईनं कसू लागली. बियाणं, अवजारं, मीठ-पीठ सगळं मळेवाल्याच्या दुकानातून उधार. हंगामाअखेर हिशोब व्हायचा, तो मळेवाल्याच्याच वहीत. कर्ज फिटायचं नाही, पण राहायला खोपटं आणि हाताला काम असायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कापूस वेचणारी यंत्रं आली, मग तणनाशकं आली. निंदणी-खुरपणी आणि वेचणी ही दोन कामं गेली की मजुराला उरतं काय? फेब्रुवारी १९६७ पासून शेतमजुरांना पहिल्यांदाच किमान वेतन लागू झालं, ताशी एक डॉलर. कायदा मजुरांच्या भल्याचा होता, पण मळेवाल्यांनी मजुरी वाढवण्यापेक्षा माणसं कमी केली. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या एकाच मळ्यावर गेल्या होत्या, ती कुटुंबं काही महिन्यांत बेकार झाली.

याच सुमाराला सरकारी अन्नमदतीची पद्धतही बदलत होती. आधी केंद्र सरकारकडचं शिल्लक धान्य, पीठ, दूधपावडर गरिबांना फुकट वाटली जायची. ते बंद करून एकेक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अन्नकूपनांकडे वळत होती. कूपनं मात्र विकत घ्यावी लागत. दिलेल्या पैशापेक्षा जास्त किमतीचं धान्य मिळे हे खरं, पण आधी रोख मोजायची. हातात दमडी नाही त्याला कूपन नाही. ही अट १९७७ च्या कायद्यानं निघाली. तोवरची दहा वर्षं ज्यांना अन्नाची सर्वाधिक गरज होती, नेमके तेच योजनेबाहेर राहिले. एप्रिल १९६७ मध्ये रॉबर्ट केनेडी आणि जोसेफ क्लार्क हे सिनेटर डेल्टात येऊन घरोघर फिरले, तेव्हा उपाशी मुलं देशाला टीव्हीवर दिसली. तिथल्या आयांना ती आधीपासून दिसत होती.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की दवाखान्यात पोचताना या भुकेचं नाव ‘जुलाब’, ‘न्यूमोनिया’ किंवा ‘वजन वाढत नाही’ असं होतं. मूल भरती व्हायचं, सलाईन, औषध, चार दिवसांत तरतरी. मग घरी. घरात पाणी कुठलं, तर शेताकडेच्या चरातलं. संडास नाही, दाराखिडक्यांना जाळ्या नाहीत, चुलीवर शिजवायला काही नाही. मूल पुन्हा दवाखान्यात.

राज्यपालाला अडवता न आलेला पैसा

जॅक गायगर हे न्यूयॉर्कचे डॉक्टर. विद्यार्थी असताना, १९५७ मध्ये, ते दक्षिण आफ्रिकेत गेले होते. नाताळ प्रांतातल्या फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्यानं १९४० मध्ये आरोग्य केंद्र सुरू केलं होतं. झुलू वस्त्यांत घरोघर जाऊन कोण काय खातं, पाणी कुठून आणतं, कोणतं मूल का दगावलं याची नोंद ठेवायची आणि त्यावरून ठरवायचं की परसबाग लावायची की लस टोचायची, असं तिथलं काम. गायगरांनी ते जवळून पाहिलं. १९६४ च्या उन्हाळ्यात काळ्यांच्या मतदार नोंदणीसाठी उत्तरेतले तरुण मिसिसिपीत उतरले, तेव्हा त्यांच्या मदतीला गेलेल्या डॉक्टरांत गायगरही होते. काळ्यांच्या वस्त्यांची अवस्था पाहून त्यांना फोलेला आठवलं.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या गरिबीविरुद्धच्या मोहिमेचं कार्यालय वॉशिंग्टनमध्ये उघडलं होतं. गायगर आणि बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातले डॉ. काउंट गिब्सन यांनी तिथे दोन आरोग्य केंद्रांसाठी पैसे मागितले. एक बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट या सरकारी वसाहतीत, दुसरं दक्षिणेत. बोस्टनचं केंद्र डिसेंबर १९६५ मध्ये सुरू झालं. दक्षिणेतल्याला दोन वर्षं अधिक लागली.

इथे एक बारीक तरतूद फार मोलाची ठरली. या मोहिमेतल्या अनुदानाला नकार द्यायचा अधिकार राज्याच्या राज्यपालांना होता, आणि मिसिसिपीचे राज्यपाल तो वापरायला मागेपुढे पाहणारे नव्हते. विद्यापीठांना दिलेल्या अनुदानाला मात्र हा नकाराधिकार लागू नव्हता. म्हणून हजारो किलोमीटरवरचं, मॅसॅच्युसेट्समधलं टफ्ट्स विद्यापीठ या केंद्राचं मालक झालं. पैसा थेट वॉशिंग्टनहून विद्यापीठाकडे आणि तिथून डेल्टात. वाटेत त्याच्यावर हात ठेवणारं कुणी नाही. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या टेबलांवरून झिरपत येणारा निधी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

जागा निवडली ती बॉलिव्हर काउंटीतलं माउंड बायू. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी १८८७ मध्ये स्वतः वसवलेलं गाव. महापौर काळा, दुकानदार काळे. आजूबाजूच्या गावांतल्या रुग्णालयांत काळ्यांना बरोबरीनं वागवत नसत, तेव्हा १९४२ मध्ये एका बंधुसंघानं सभासदांच्या वर्गणीतून इथे टॅबोरियन हॉस्पिटल उभारलं होतं. म्हणजे आरोग्यासाठी एकत्र येण्याची सवय इथे नवी नव्हती. केंद्राकडे काउंटीचा उत्तर भाग आला : सुमारे ५०० चौरस मैल आणि १४,००० माणसं. नोव्हेंबर १९६७ मध्ये चर्चच्या एका जुन्या निवासात दवाखाना सुरू झाला. स्वतःची इमारत पुढच्या वर्षी.

समाजसेवक आधी, डॉक्टर नंतर

या प्रकरणातला मला सगळ्यात मोठा वाटणारा माणूस डॉक्टर नव्हता. जॉन हॅच हे समाजसेवक, स्वतः काळे, दक्षिणेत वाढलेले. दवाखाना उघडायच्या आधीच ते वस्त्यांवर फिरायला लागले. घरांत, शाळांत, चर्चमध्ये बैठका घेतल्या आणि लोकांना विचारलं की तुम्हाला काय हवं आहे. लोकांनी डॉक्टर मागितले नाहीत. अन्न मागितलं, काम मागितलं, घरं, पोरांना शिक्षण मागितलं.

या बैठकांतून दहा गावांत दहा आरोग्य संघ उभे राहिले, लोकांनी निवडून दिलेले, आणि त्यांची मिळून एक परिषद झाली. केंद्रानं काय करावं यात तिचा शब्द होता. ही परिषद म्हणजे नुसती सल्लागार समिती राहावी, असं विद्यापीठातल्या काहींना वाटणं साहजिक होतं. हॅच आणि गायगर यांचा आग्रह वेगळा होता : आज ना उद्या केंद्र तिच्या हातात जाणार आहे, असं धरूनच वागायचं.

पुढे दोन-तीन वर्षांनी आपल्या जामखेडला हेच घडलं, हे नोंदवण्यासारखं आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे गेले, तेव्हा गावकऱ्यांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती, अन्नपाण्याची होती. तिथल्या कामाची सुरुवात मुलांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांनी आणि विंधणविहिरींनी झाली. दोन खंडांतल्या दोन गरीब मुलखांनी एकच उत्तर दिलं. कारण उपाशी माणसाला आपल्या आजाराचं निदान बहुतेक वेळा माहीत असतं.

चिठ्ठी

आता ती चिठ्ठी. हॅच यांनी ऐकलेलं आणि डॉक्टरांना तपासणीच्या टेबलावर दिसत होतं ते एकच होतं : भूक. डॉक्टर अन्न लिहू लागले, गावातली काळ्यांची दुकानं ते देऊ लागली.

बातमी राज्यपालांपर्यंत गेली, त्यांनी वॉशिंग्टनला तक्रार केली. तिथला अधिकारी चौकशीला आला. त्याचं म्हणणं, औषधांसाठीचा पैसा आजारावर उपचार म्हणूनच खर्च करायचा असतो. गायगरांनी उत्तर दिलं की आपण शेवटचं वैद्यकाचं पुस्तक पाहिलं तेव्हा कुपोषणावरचा उपचार अन्न हाच लिहिलेला होता. अधिकाऱ्याला यावर बोलता येईना. तो परत गेला, चिठ्ठ्या चालू राहिल्या.

हे उत्तर जगभर सांगितलं जातं आणि ते आहेच तसं. पण मला त्या चिठ्ठीच्या चालण्याची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. आईला कुठल्या कचेरीत जायचं नव्हतं. उत्पन्नाचा दाखला काढायचा नव्हता. डॉक्टरची सही पुरेशी होती, कारण ज्यानं सही केली त्याच्याच संस्थेकडे पैसे होते. माल त्याच दिवशी मिळत होता, जिथे ती एरवीही सौदा करत होती त्याच दुकानात, आणि दुकानदार तिला ओळखत होता. शिवाय बिलाचा पैसा गावातच राहत होता. गोऱ्या मालकाच्या दुकानावर अवलंबून असलेल्या त्या मुलखात ही लहान बाब नव्हती.

आपल्याकडे हीच बाई आली तर काय होतं? समजा ती क्षयाची रुग्ण आहे, मजुरी बुडाली आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत क्षयरुग्ण बसतात. महिन्याला १,५०० रुपये. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला हवा, राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा हवा, रेशनकार्ड, आधार, बँक खातं हवं, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मग अर्ज समितीपुढे. डॉक्टरांची सही या गठ्ठ्यातला एक कागद असते. जिल्हा रुग्णालयातली समाजसेवा अधीक्षक तिला बसवून सगळं समजावते, यादी लिहून देते, ओळखीच्या तलाठ्याला फोनही करते. तिची तळमळ खरी असते. पण ताप अंगात असताना, एक मजुरी बुडवून तहसीलला जायचं, साहेब दौऱ्यावर, मग पुन्हा यायचं, हे त्या बाईनंच करायचं असतं.

नुसता पत्ता सांगून भागत नाही, हे अमेरिकेलाही पुढे पुन्हा शिकावं लागलं. २०१७ ते २०२२ या काळात तिथल्या केंद्र सरकारनं दवाखान्यांमधून दहा लाखांहून अधिक लोकांना घर, अन्न, प्रवास, वीजबिल यांबद्दलचे प्रश्न विचारण्याचा मोठा प्रयोग केला. अडचणीतल्या लोकांना हाताला धरून संस्थांपर्यंत नेणारे मार्गदर्शक नेमले. तातडीच्या विभागातल्या फेऱ्या कमी झाल्या, हे त्याचं यश. पण घर हवं होतं त्याला घर मिळालं, अन्न हवं होतं त्याला अन्न मिळालं, असं प्रमाण मार्गदर्शनामुळे वाढल्याचं मूल्यमापनात दिसलं नाही. ज्या संस्थांकडे पाठवायचं त्यांच्याकडेच पुरेसं नसेल, तर मार्गदर्शक तरी काय देणार?

चिठ्ठीच्या पुढे

अन्न विकत घेऊन वाटणं किती दिवस पुरणार, हा प्रश्न डेल्टात लवकरच उभा राहिला. लोकांनी आधी परसबागांसाठी बियाणं मागितलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की इथे बसलेला प्रत्येक जण जन्मापासून शेतीच करत आला आहे, फक्त स्वतःची जमीन नाही. १९६८ मध्ये नॉर्थ बॉलिव्हर काउंटी फार्म को-ऑपरेटिव्ह उभी राहिली. सुमारे हजार कुटुंबं सभासद झाली. भाड्यानं जमीन घेतली आणि कापसाच्या त्या मुलखात पालेभाज्या, वाटाणे, घेवडा, रताळी पिकायला लागली. कामाचा मोबदला थोडा रोख, थोडा भाजीच्या रूपात.

आरोग्य केंद्रानं विहिरी खोदल्या, संडास बांधले, घरांना जाळ्या बसवल्या. स्वतःचा पैसा ज्या बँकेत ठेवायचा तिला अट घातली : गावात शाखा काढा, काळे कारकून ठेवा, काळ्या कुटुंबांना घरकर्ज द्या. संध्याकाळचे वर्ग सुरू केले. त्यातून डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक झालेली मुलं बाहेर पडली.

एल. सी. डॉर्सी हे नाव इथे घेतलंच पाहिजे. बटाईदाराच्या घरात जन्मलेली, लहानपणापासून कापसाच्या शेतात राबलेली ही बाई आधी केंद्राच्या कामात आली, मग शेती सहकारी संस्थेचा कारभार पाहू लागली, पुढे शिकली आणि १९८८ मध्ये त्याच आरोग्य केंद्राची प्रमुख झाली. मदत घेणारा आणि मदत देणारा यांच्यामधलं टेबल ओलांडून ती पलीकडे जाऊन बसली. दवाखान्यातून दिलेल्या आधाराचं मोजमाप करताना वजनाच्या तक्त्याइतकंच मी याकडे पाहीन.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गावातल्या जुन्या प्रतिष्ठितांना बोस्टनच्या पैशावर उभी राहिलेली ही नवी सत्ता खुपत होती. बटाईदारांच्या परिषदेनं केंद्र चालवावं हे मळेवाल्यांना जितकं रुचत नव्हतं, तितकंच गावातल्या काही शिकलेल्यांनाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात वॉशिंग्टनचा हात आखडला. १९७२ मध्ये केंद्र आणि गावातलं रुग्णालय यांचं विलीनीकरण करायला लावलं गेलं. शेती संस्था सत्तरच्या दशकात थकत गेली. भांडवल नाही, बाजार दूर, तरुण मुलं शिकागोकडे. रुग्णालय १९८३ मध्ये बंद पडलं. आरोग्य केंद्र मात्र अजून चालू आहे, आणि त्याच धर्तीवरची सुमारे १,४०० केंद्रं आज अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात. त्यांच्या कारभारी मंडळात निम्म्याहून जास्त सभासद रुग्णांमधलेच असले पाहिजेत असा नियम आहे. हॅच यांच्या बैठकांचा तो वारसा. अन्नाची चिठ्ठी मात्र नियमात आली नाही.

आपल्यासाठी

अन्न हाच उपचार, हे आता आपल्याच देशात सिद्ध झालं आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटानं केलेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या घरातल्या १०,३४५ माणसांचा त्यात समावेश होता. ज्या कुटुंबांत माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तिथे नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. तपासणीत जंतू सापडलेल्या फुफ्फुसाच्या क्षयात तर ४८ टक्क्यांनी. एवढं काम करणारी महागडी लस आली असती तर आपण ती गावोगाव पोचवली असती.

सरकारला हे कळत नाही असं नाही. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून क्षयरुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवलं की आईला बुडीत मजुरी मिळते. कल्पना म्हणून ही बुडीत मजुरी माउंड बायूच्या चिठ्ठीची सख्खी बहीण आहे : आजारामुळे चूल विझू नये एवढं पाहायचं. पण मूल दोन आठवड्यांनी घरी जातं आणि मजुरीही तिथेच थांबते. निक्षयचे पैसे थेट खात्यात येतात. खातं बंद असलं, आधार जोडलेलं नसलं, तर गोळ्या सुरू होऊन महिने लोटतात आणि पैसे मागे राहतात. सुरुवातीच्या दोन महिन्यांत वजन वाढतं की नाही यावर रुग्णाचं जगणं-मरणं ठरतं, हे झारखंडच्याच अभ्यासानं दाखवलं. आणि उशीर नेमका त्याच दोन महिन्यांत होतो.

म्हणून मला सुचतं ते लहान आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांना अबंधित निधी (ठरावीक कामाला न बांधलेला पैसा) मिळतो, रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात गावातली माणसंही असतात. वैद्यकीय अधिकाऱ्याला पहिल्या दोन महिन्यांपुरती धान्य-डाळ-तेलाची चिठ्ठी लिहायचा अधिकार द्यावा, ती गावातल्या रेशन दुकानात किंवा बचत गटाच्या दुकानात चालावी, आणि बिल समितीनं द्यावं. दाखले, खाती, अर्ज हे सगळं मागाहून, त्या दोन महिन्यांत, आशाताईच्या आणि समाजसेविकेच्या मदतीनं होत राहील. गैरवापर होईल, असं कुणी तरी लगेच म्हणेल. डाळ-तांदळाचा गैरवापर म्हणजे फार तर घरातल्या दुसऱ्या कुणी तरी जेवणं, आणि झारखंडचे आकडे सांगतात की त्या दुसऱ्यालाही जेवण हवंच होतं. एखाद्या आदिवासी तालुक्यात चार-पाच केंद्रांवर हे वर्षभर करून पाहता येईल. चिठ्ठीवर काय लिहायचं, हे मात्र त्या तालुक्यातल्या बायांना आधी विचारावं.